काडीला हात

गाडी ढकलत माझ्या शेडमध्ये आणली तेव्हा मी सगळ्यात आधी तिचं डावं मडगार्ड बघितलं. पुढच्या चाकावरचा गोल पत्रा, आणि त्यात बाटलीच्या बुचाएवढं भोक. भोकात रबराचा गट्टू ठोकलेला, तोही वाळून तडकलेला. गाडीचा क्रीम रंग पिवळा पडला होता, खालच्या पत्र्यांची गंजून चाळण झाली होती, नंबरपाटी निम्मी गेली होती. त्याचं मला काही वाटलं नाही. भोक मात्र मी डोळे मिटून ओळखलं असतं. आमचं घर म्हणजे चोराचं घर, ही ओळख त्या भोकापासून सुरू झाली होती.

मी लोणावळ्यात जुन्या हायवेला गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. स्टार्टर, डायनामो, दिवे, हॉर्न, वायरिंग. हल्ली जुन्या गाड्या नव्यासारख्या करून मिरवणारे हौशी लोक पुण्या-मुंबईहून येतात, आणि त्यांच्या गाड्यांतल्या सडक्या वायरी ओढायला त्यांना माझ्यासारखा जुना माणूस लागतो. मला जुन्या गाड्यांचं प्रेम वगैरे नाही. इथल्या पावसात तीस वर्षं काम केलं की गाडी म्हणजे पत्रा आणि पत्रा म्हणजे गंज, एवढंच डोक्यात राहतं. लोक बॉनेटवरून हात फिरवत डोळे मिटून उभे राहतात तेव्हा मला हसू येतं. पण गिऱ्हाईक आहे, म्हणून मी तोंड दुसरीकडे करतो.

गाडीबरोबर आलेला गृहस्थ चाळिशीचा होता, बोलायला नम्र. "काका, आजोबांची गाडी आहे. सगळं ओरिजिनल करतोय मी. पत्र्याचं काम नंतर डेंटरकडे देईन, आधी तुमचं वायरिंग होऊ दे. रेडिओ आत तसाच आहे बघा. फक्त बाहेरची अँटेना नाहीये." मग तो हसला. "आमच्या घरातला जोकच आहे तो. तुंगार्लीच्या बंगल्यावर माळी होता, त्यानं चोरली. माळ्याला अँटेना कशाला लागते, हे आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही."

मी हातातला टेस्टर खिशात ठेवला. तो माळी म्हणजे माझा बाप, हे सांगायला तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर शिव्याच आल्या असत्या. आणि त्याहून वाईट म्हणजे, हा म्हणतोय ते खोटं आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकलो नसतो. "शोधतो," एवढंच म्हणालो.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तुंगार्लीच्या त्या बंगल्यावर माळीकाम करायचे आणि बंगला सांभाळायचे. मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही तिघं. आई शेजारच्या दोन बंगल्यांत स्वयंपाकाला जायची. साहेब मुंबईचे. शनिवारी संध्याकाळी गाडी यायची, सोमवारी सकाळी जायची. मधला आठवडाभर सगळ्या बंगल्याच्या किल्ल्या आबांच्या कमरेला. साहेब चारचौघांत सांगायचे, "हा माणूस कुणाच्या काडीला हात लावणार नाही." आबांना ते वाक्य इतकं आवडायचं, की घरी येऊन आईला परत सांगायचे.

मी तेव्हा विशीत होतो आणि बाजारात एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे काम शिकत होतो. भंगारातले सुटे भाग जमवून मी घरी एक रेडिओ उभा केला होता. त्याला एरियल नव्हती. फणसाच्या झाडाला तांब्याची तार बांधून मी पुणे केंद्र धरायचो, पण वारा सुटला की बातम्या देणारा माणूस तोंडात गुळणी धरल्यासारखा बोलायचा. साहेबांच्या गाडीला मात्र लखलखीत एरियल होती. एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्या, खाली काळा गोल बुंधा. आमच्या घरात तिला काडी म्हणायचे. एकदा जेवताना मी म्हणालो, "आबा, साहेबांच्या गाडीला आहे तशी काडी मिळाली ना, तर आपला रेडिओ सगळी स्टेशनं धरेल."

आबा म्हणाले, "बघू."

त्यानंतर पंधरा दिवसांनी, आषाढात, रविवारी सकाळी साहेब पोर्चमध्ये आले तर गाडीची काडी नव्हती. मडगार्डला भोक, आणि आत वायरीचं टोक लोंबत होतं. ओढून तोडल्यासारखं.

साहेब आरडाओरडा करणाऱ्यातले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांना न्याय करायचा होता. देवघरातून त्यांनी पितळेची वाटी आणवली. खंडोबा त्यांचं कुलदैवत, आणि जेजुरीहून आणलेला भंडारा त्या वाटीत असायचा. पोर्चमध्ये तिघांना उभं केलं: मुंबईहून आलेला ड्रायव्हर, बंगल्यातली स्वयंपाकीण आणि आबा. मी फणसाखाली उभा होतो, तिथून सगळं दिसत होतं. साहेबांनी शपथेचे शब्दही स्वतः सांगितले. "काडी माझ्याकडे नाही, माझ्या घरात नाही, असं म्हणून भंडारा उचला. मी परत एका शब्दानं विचारणार नाही."

ड्रायव्हरनं चिमूट उचलून कपाळाला लावली आणि खणखणीत आवाजात शब्द म्हटले. स्वयंपाकीणबाईंनी रडत रडत म्हटले. आबांपुढे वाटी आली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आमी उचलत न्हाई, साहेब."

यात काही नवल नव्हतं. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर माझ्या आजोबांनी घरातले देवाचे टाक इंद्रायणीत सोडले होते. लग्नकार्यात कुणी प्रसाद पुढे केला तरी आबा हात जोडून बाजूला व्हायचे. बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ होत्या. साहेबांनाही हे माहीत होतं. ते म्हणाले, "बरं. मग तुमच्या पद्धतीनं सांग. पण हेच शब्द म्हण."

आबा जमिनीकडे बघत राहिले. ते शब्द काही त्यांनी म्हटले नाहीत.

साहेबांनी किल्ल्यांसाठी हात पुढे केला. आबांनी कमरेचा जुडगा सोडून त्यांच्या तळहातावर ठेवला. संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या.

मी तेव्हा जे केलं ते मला आजही आठवायला नको वाटतं. आई भांडी बांधत होती, आबा बाहेर कोंबड्या धरत होते, आणि मी घाईघाईनं सामान उचकत होतो. आबांची हत्यारांची पेटी, गुंडाळलेल्या चटया, पेंढ्याची उशी. मी काडी शोधत होतो. माझी खात्री झाली होती की आबांनीच ती काढली, माझ्यासाठी काढली, आणि आता द्यायची हिंमत होत नाहीये. माझ्या कानात एकच शब्द घुमत होता: बघू. काही सापडलं नाही. मागे वळलो तर आबा दारात उभे होते, दोन्ही हातांत कोंबड्या. माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं का?" आणि निघून गेले. मला वाटलं, पकडले गेल्याची लाज आहे.

आम्ही मळवलीला आमच्या मूळ घरी आलो. लोणावळ्यात बातमी दिवसभरातच सगळीकडे पोचली होती. आईची दोन्ही कामं सुटली. कुठल्याही बंगल्यावर आबांना परत उभं केलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. दुसऱ्याच्या खाचरात वाट्यानं भात लावत राहिले. त्यांच्यात एकच बदल झाला, तो कुणाला सहज दिसायचा नाही: त्यांनी पुन्हा कुणाची किल्ली हातात घेतली नाही. शेजारची मावशी मुलीकडे जाताना घराची किल्ली द्यायला आली तरी म्हणायचे, "खिळ्याला आडकव. मी लक्ष ठिवतो." मला बाजारात टेम्पोवाले एरियल म्हणून हाक मारायचे. "ए एरियल, स्टेशन लागतंय का?" एकदा मी एकाचं नाक फोडलं. त्यानंतर ते मागून म्हणायला लागले.

आई सातआठ वर्षांत गेली. शेवटी शेवटी तिला कुणी भेटायला आलं की ती आधी म्हणायची, "ह्यांनी घेतली न्हाई हां." समोरच्याला काय घेतली नाही ते माहीतही नसायचं.

आमच्या समाजात मात्र उलट झालं. भंडारा उचलला नाही म्हणून नोकरी गेली, ही गोष्ट मावळातल्या वाड्यावस्त्यांवर गेली, आणि एका जयंतीला मळवलीच्या विहारात आबांना सगळ्यांपुढे बोलावून हार घातला. एका वडीलधाऱ्यानं भाषण केलं: पोटावर पाय आला तरी धम्म सोडला नाही, असा हा माणूस. टाळ्या वाजत होत्या, आणि आबा मान खाली घालून उभे होते. मान वर करा, फोटो काढायचाय, असं तीनदा सांगितलं तरी केली नाही. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. मला किळस आली. चोरी लपवायला धम्माचा आडोसा घेतला आणि वर हार घालून घेतला, असं मला वाटलं. बापाबद्दल वाटलं. हे मी कधी कुणाला बोललो नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतं बोलत आलो. पैसे पाठवले, औषधं आणली, मोतीबिंदू काढून घेतला. चांगला मुलगा म्हणून माझं गावात नाव आहे.

आता आबा पंच्याऐंशीच्या घरात आहेत, आणि ती गाडी माझ्या शेडमध्ये उभी होती. मी ठरवलं, ते भोक मीच बुजवायचं. जशी होती तशीच काडी आणायची, बसवायची, आणि विषय संपवायचा. विषय असा संपत नसतो हे कळण्याचं माझं वय होतं, पण माणूस स्वतःला फसवायला काहीही धरतो.

शोधायला गेलो तेव्हा कळलं, हे काम सोपं नाही. तळेगावच्या जुन्या स्पेअर पार्टवाल्याकडे तसल्या नळ्या मिळाल्या, पण चार होत्या, तीन नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार उन्हात उकिडवा बसून मी ढीग चाळले. ट्रकच्या एरियल, ट्रान्झिस्टरच्या एरियल, छत्रीच्या दांड्या. एकाकडे काळा गोल बुंधा मिळाला, पण चिरलेला. नळ्या जुळवता येतात. खरी अडचण खालच्या भागांची होती: तो बुंधा, त्याभोवती पत्र्याच्या उताराला आतून टेकणारी तिरकी रबरी गादी, आणि वरून आवळायचा दोन खाचांचा गोल नट. तो नट साध्या पान्यानं फिरतच नाही, त्याचा वेगळा पाना असतो. मी फोटो पाठवायचो आणि साहेबांचा नातू लगेच कळवायचा, "काका, ही नाही. आजोबांच्या अल्बममध्ये वेगळी दिसतेय." त्याची चिकाटी बघून मला राग यायचा. काडीसाठी इतकी चौकशी, आणि माणसासाठी एक वाटी पुरली होती.

शेवटी जुन्या बाजारातला एक म्हातारा मुस्लिम दुकानदार, जन्मभर गाड्यांचे रेडिओ विकलेला, म्हणाला, "भाऊ, असं चाचपडत नका बसू. त्या काळी गाडी नुसतीच यायची, रेडिओ वेगळा घ्यायचा, एरियल रेडिओवाल्याच्या मर्जीची. कुठली बसवली होती ते त्या वेळच्या ड्रायव्हरलाच ठाऊक. असला जिवंत तर त्याला विचारा."

ड्रायव्हर जिवंत होता. साहेब गेल्यावर तो लोहगडवाडीला मुलीकडे येऊन राहिला होता, हे मला बरीच वर्षं माहीत होतं. मीच त्या बाजूला फिरकत नव्हतो. मुलीची किल्ल्याच्या पायथ्याला टपरी आहे. ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी, भजी, लिंबू सरबत. मी गेलो तेव्हा कॉलेजच्या पोरापोरींचा घोळका बुटांचा चिखल झटकत होता. टपरीच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत म्हातारा बसला होता. साखरेच्या आजारानं उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला, पण नजर तीच.

"माळीबुवाचा तू," मी काही बोलायच्या आत तो म्हणाला. "कपाळ त्येंचंच हाय."

मी म्हणालो, गाडी माझ्याकडे आलीय. काडी कुठल्या बनावटीची होती तेवढं सांगा.

त्यानं सगळं सांगितलं. बुंध्याचा आकार, गादीची जाडी, नटाच्या खाचा. आणि मग, जणू अजून तोच विषय चालू आहे असं, म्हणाला, "पन त्यो नट लय तरास द्यायचा. घाटात गाडी हादरली की ढिला व्हायचा. दर शनवारी निघायच्या आदी मी आवळायचो. त्या खेपंला खाचांचा पाना घरीच ऱ्हायला. खोपोलीत बघितलं तर काडी हालत व्हती. म्हनलं, वर गेल्यावर बघू. वर आलो तर धो धो पाऊस. सकाळी बघतो तर काडीच न्हाई. म्हनलं, घाटात पडली आसंल."

मला पहिल्यांदा कळलंच नाही त्यानं काय सांगितलं ते. मग कळलं. "तुम्हाला माहीत होतं? तेव्हाच?"

"पडली आसंल आसं वाटलं."

"मग बोलला का नाही?"

"नोकरी गेली आसती."

"कुणाची?"

तो टपरीतल्या पोरांकडे बघायला लागला. "माजी," म्हणाला. मग एकदम मान ताठ करून, "पन मी भंडारा खोटा न्हाई उचलला. काडी माझ्याकडं नव्हती, माझ्या घरात नव्हती. शब्द न शब्द खरा बोललो."

त्याच्या मुलीनं माझ्यासमोर चहा ठेवला होता. मी तो तसाच सोडून उठलो. थांबलो असतो तर त्या लंगड्या म्हाताऱ्याला खुर्चीसकट ढकललं असतं, आणि माझ्यात तेवढं बळ अजून आहे.

भाजे गाव ओलांडून खाली येताना मला दुसरी गोष्ट सुचली, आणि मी मोटरसायकल रस्त्याच्या कडेला उभी केली. ड्रायव्हर म्हणाला, घाटात पडली. पण पडणार कशी? त्या जातीची एरियल मडगार्डच्या आतून वर घालतात आणि वरून नट आवळतात. वरचा नट उडाला तर काडी बाहेर पडत नाही. आत पडते. वजनानं वायरीची पिन निसटते, आणि टोक लोंबत राहतं. ओढून तोडल्यासारखं.

तीस वर्षं मी हे काम करतोय. शेकडो एरियल मी स्वतः आतून वर घातल्या आहेत. हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. चोर कोण ते माझ्यापुरतं ठरलेलं होतं, त्यामुळे काडीचं काय झालं असेल हे मी मेकॅनिक म्हणून कधी बघितलंच नाही. मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, स्वतःला मोठ्यानं शिवी दिली.

शेडमध्ये येऊन डावं पुढचं चाक काढलं. मडगार्डच्या आत, दरवाजाच्या बाजूला, चिखल अडवायला एक उभा पत्रा असतो. त्याचे स्क्रू गंजून एकजीव झाले होते, ते कापून काढले. पत्र्यामागे वाळलेला चिखल, कुजलेली पानं, उंदराचं जुनं घरटं. मी कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांना थंड नळी लागली.

ती अख्खी होती. तीन नळ्या, काळा बुंधा, तिरकी गादी दगडासारखी कडक झालेली. फक्त नट नव्हता. कपड्यानं पुसली तर खालून चकाकी निघाली. मला आनंद झाला असं लिहिता आलं असतं तर बरं होतं. मी टायरवर बसून रडलो. आबा चोर नव्हते म्हणून नाही, तर आबा चोर नव्हते हे कळायला मला काडी लागली म्हणून.

नातवाला फोन केला. "ओरिजिनल सापडली," म्हणालो. "गाडीतच होती. मडगार्डच्या आत पडलेली." तो ओरडलाच. मग म्हणाला, "म्हणजे त्या माळ्यानं..."

"माळी माझे वडील," मी म्हणालो.

मग तो म्हणाला, "काका, मला माहीत नव्हतं. मी येतो. त्यांना भेटून आजोबांच्या वतीनं माफी मागतो. तुम्ही त्यांना विचारा, चालेल का." आवाजावरून मनापासून म्हणत होता. माणूस वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काडी वर्तमानपत्रात गुंडाळून मी मळवलीला गेलो. आबा ओसरीवर गोणपाटावर बसून सुपातल्या तांदळातले खडे निवडत होते. ऐकू कमी येतं, डोळे ऑपरेशननंतर चांगले आहेत. मी समोर बसलो, कागद उलगडला आणि काडी गोणपाटावर ठेवली. मी मनाशी काय काय जुळवून गेलो होतो. पहिलं वाक्य काय बोलायचं, तेही ठरलं होतं.

आबांचा सुपातला हात थांबला. त्यांनी काडी ओळखली. माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, फार थकून, आणि म्हणाले,

"कुटं ठिवली व्हतीस इतकी वर्सं?"

मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. "काय?"

"तवाच देतो म्हनला आसतास तर मी साहेबास्नी समजावलं आसतं. पोरगं हाय, रेडिओचं याड हाय, म्हनलं आसतं. तू सामान उचकत व्हतास तवा मला वाटलं, आता काडशील, आता माझ्या हातात दिशील. न्हाई दिलीस."

मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकू जावं म्हणून ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे गल्लीतल्या दोन बायका दारात आल्या. नट, घाट, पाना, चिखलाचा पत्रा. आबांनी दोनदा विचारून घेतलं. "म्हंजी आत पडली व्हती? आपली आपन?"

"आपली आपण."

"तू न्हाई?"

"नाही, आबा."

ते सुपाकडे बघत बसले. मग हळूहळू बोलायला लागले, माझ्याशी कमी आणि तांदळाशी जास्त. "साहेब म्हनले, माझ्या घरात न्हाई म्हन. माझ्याकडं न्हाई हे मी म्हनलं आसतं. घरात न्हाई कसं म्हनू? मला काय म्हाईत? तू मागितली व्हतीस. खोटं बोलायचं न्हाई, आन पोराचं नाव घ्यायचं न्हाई. तवा म्हनलं, आमी उचलत न्हाई. उचलत न्हाई ते खरंच हाय. पन त्या दिशी मी धम्मापायी न्हाई म्हनलं नव्हतं. धम्माच्या आड उबा ऱ्हायलो. आन लोकांनी हार घातला. मान वर करवंना मला."

ती खाली घातलेली मान मी शेवटच्या रांगेतून बघितली होती.

मग मी नातवाचा निरोप सांगितला, की तो माफी मागायला येतो म्हणतोय.

"त्येला येऊ नगं म्हन," आबा म्हणाले. "त्यानं कशाची माफी मागायची? त्येचा आज्जा परका मानूस. परक्यानं माझ्यावर आळ घेतला. मी तुझ्यावर घेतला." मग त्यांनी मान वर केली. "आन तू रं? तू मला काय समजत व्हतास?"

तुम्ही घेतली नाही हे मला माहीत होतं, असं एक वाक्य पुरलं असतं. खोटं, पण पुरलं असतं. माझ्या बापानं खोटं एक वाक्य म्हटलं नाही म्हणून आमचं घर गेलं, आणि मला तेवढं खोटं जमायला हवं होतं. जमलं नाही. मी खाली बघितलं.

आबांना कळलं. "व्हय," म्हणाले, "बरूबर हाय." जणू मी उत्तर दिलं होतं.

मग त्यांनी सूप ओढून घेतलं. काडी सुपाच्या कडेला टेकली होती, तिच्यावर दोन दाणे सांडले होते. त्यांनी सूप उचलून पलीकडच्या अंगाला ठेवलं, तिला धक्का लागणार नाही असं जपून, आणि पुन्हा खडे निवडायला लागले.

"ज्येची हाय त्येला दिऊन ये," म्हणाले.

मी काडी परत कागदात गुंडाळली. मी आल्यापासून त्यांनी तिला हात लावला नव्हता.